ओल्या हातांचं घर

गोरेगाव (जि. गोंदिया), १९ जानेवारी २०२५

उमेंद्रदादा,

तुझा जुना नंबर लागत नाही आणि नवा तू कोणाला दिलेला नाहीस. पत्ता टिंकूकडून काढला. चाकणला तुम्ही एकाच गल्लीत राहता आणि तो इथे त्याच्या मामाकडे सणाला आला की तुझं नाव निघताच पाणी प्यायला उठतो, तेव्हाच मला समजलं होतं. त्यानं शपथ घातली की नाव सांगू नकोस. मी सांगून टाकते आहे, म्हणजे तू त्याच्यावर एकदाच काय ते चिडशील आणि विषय संपेल.

फोन केला असता तर तू ठेवून दिला असता. कागद फार तर फाडशील, पण फाडायच्या आधी माणूस वाचतोच. तळहाताखाली जाड कपडा घेऊन लिहिते आहे, तरी कुठे शाई पसरली असेल तर त्याचं कारण जगात तुझ्याइतकं कोणाला समजणार नाही.

घरचं सांगायचं तर धान विकून झालं, उन्हाळीची तयारी चालू आहे. आई बरी आहे. बाबूजीही बरे आहेत. त्यांच्याविषयी जास्त लिहीत नाही.

माझं सांगते. दिवाळीपासून मी गोंदियात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले. रोज सकाळच्या एसटीनं जाते. काम रक्त काढायचं. शीर मला बोट लावल्याबरोबर सापडते. ज्या म्हाताऱ्यांची कोणाला सापडत नाही त्यांना माझ्याकडे पाठवतात. अडचण शिरेची नाही, हाताची. ओल्या बोटांवर ग्लोव्ह्ज चढत नाहीत, आणि ओढून चढवले तर थोड्या वेळात आत पाणी साचतं. काढताना मनगटाशी थेंब पडतात. पायांचं तर विचारूच नको. लॅबच्या पांढऱ्या फरशीवर मी कुठून कुठे गेले ते कोणीही सांगू शकतं.

गेल्या महिन्यात एका बाईचा दंड धरला. तिनं हात मागे ओढला. 'पहले हाथ पोंछ के आओ,' म्हणाली. पुसून आले. धरेपर्यंत परत ओला. ती उठली आणि सरळ सरांच्या केबिनमध्ये गेली. संध्याकाळी सरांनी मला बोलावून सांगितलं की उद्यापासून काउंटरवर बस, रिपोर्ट देत जा. रिपोर्ट म्हणजे कागद, दादा. माझ्या हाताला त्यांनी कागदावर नेमलं!

मी म्हटलं, काउंटरवर बसणार नाही. मला थोडी सवड द्या, इलाज करून येते. सर म्हणाले, ह्याला इलाज नसतो, तू टेन्शन फार घेते. हे वाक्य तू आणि मी किती जणांच्या तोंडून ऐकलं आहे, आठव.

दुसऱ्या दिवशी सुटी टाकून मी गोंदियातल्याच एका कातडीच्या डॉक्टरबाईंकडे गेले. बसायच्या आधी दोन्ही तळवे त्यांच्या टेबलाच्या काचेवर ठेवले आणि उचलले. काचेवर दोन पंजे उमटले. सांगायचं काही उरलंच नाही. त्या हसल्या नाहीत की त्यांनी नाक मुरडलं नाही. त्यांनी एकच प्रश्न असा विचारला जो आजवर कोणी विचारला नव्हता: 'झोपेत हात कोरडे असतात का?' मला काय माहीत? घरी येऊन आईला विचारलं. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, 'हाव, झोपले की कोरडे. दोघायचेबी. तुमी लहान होते तवापासून पायतो मी.'

म्हणजे आपण झोपलो की आई आपले हात धरून बघत होती आणि आपल्याला पत्ताच नव्हता.

तर ह्या रोगाला नाव आहे. हायपरहायड्रोसिस. बसमध्ये घोकत आले. भीतीनं घाम येतो तो वेगळा. आपल्या घामाच्या ग्रंथींना जो निरोप जातो, तो काही कारण नसताना जात राहतो. थंडीतही, आरामात बसलो असतानाही. झोप लागली की थांबतो. मनाच्या कच्चेपणाशी त्याचा काही संबंध नाही. पुष्कळदा घराण्यात असतो. बाईंनी विचारलं, घरात आणखी कोणाला आहे? मी म्हटलं, भावाला. आईवडिलांपैकी? मी म्हटलं, नाही.

म्हणून हे पत्र. वारासिवनीला तुझ्यासाठी मुलगी पाहण्याच्या वेळी तिच्या काकानं तुझ्याशी हात मिळवला, मग सगळ्यांसमोर स्वतःचा हात पॅन्टला पुसला आणि विचारलं, 'लडका कुछ लेता तो नहीं?' आणि बाबूजी म्हणाले, लहानपणापासून थोडा भित्रा आहे. तू त्यांना एक शब्द उलट बोलला नाहीस आणि तो आठवडा संपायच्या आत गाडीत बसलास. तू भित्रा नाहीस हे मी तेव्हाही म्हणत होते, पण बहीण म्हणून म्हणत होते. आता डॉक्टरच्या चिठ्ठीवर म्हणते आहे.

उत्तर पाठव अथवा पाठवू नको. मी लिहीत राहणार.

भूमेश्वरी


गोरेगाव, २३ फेब्रुवारी २०२५

दादा,

टिंकू म्हणाला की पत्र तू दोनदा वाचलंस आणि त्याच्याशी भांडलास. दोन्ही बातम्या चांगल्या आहेत.

आधी इलाजाचं ऐक. डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा एक लोशन दिलं, झोपताना लावायचं आणि सकाळी धुवायचं. त्यानं खाज सुटली आणि फरक थोडा पडला. मग मशीन. दोन उथळ ट्रे असतात, त्यांत साधं नळाचं पाणी, आणि पाण्यातून बारीक करंट सोडतात. हात बुडवून बसायचं. अंगठी, बांगड्या काढून ठेवायच्या, कुठे चिरलं असेल तर व्हॅसलीन लावायचं, नाहीतर तिथे चावतं. नुसत्या मुंग्या येतात. हातांचं झालं की पायांचं. पहिल्या खेपांना काहीच झालं नाही आणि मला वाटलं, सरांचंच खरं ठरतं की काय. मग एका सकाळी मी कणीक मळायला बसले तर पीठ हाताला लागून राहिलं, कोरडं, पावडरीसारखं. मी तिथेच बसून हात चोळत राहिले. आई विचारते, काऊन थांबली? मी दोन्ही हात तिच्या गालांना लावले. तिनं माझ्या हातातली परात ओढून घेतली आणि स्वतः कणीक मळू लागली. तिला रडायचं असलं की ती काम ओढून घेते, तुला माहीत आहे.

हे कायमचं जात नाही, ते स्पष्ट सांगते. मशीन सोडलं की काही दिवसांत घाम परत येतो, म्हणून अधूनमधून बसावं लागतं. ऑपरेशन असतं, पण त्यानं हातचा घाम पाठीवर-पोटावर जाऊ शकतो असं बाई म्हणाल्या, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही. माझं ह्यात भागतं. मी परत रक्त काढते आहे. सरांना मी त्या रोगाचं नाव कागदावर लिहून दिलं आणि म्हटलं, पुढच्या माणसाला टेन्शन घेऊ नको असं सांगायच्या आधी हे वाचा. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि कागद खिशात ठेवला.

आता दुसरी गोष्ट. मागच्या पत्रात बाबूजींविषयी जास्त लिहीत नाही म्हटलं होतं. आता लिहायलाच पाहिजे.

रेशनकार्डाची केवायसी चालू आहे, घरातल्या प्रत्येकानं दुकानात जाऊन अंगठा द्यायचा. आईचा आणि माझा झाला होता. बाबूजी टाळत होते. कधी शेतात पाणी लावायचं, कधी कंबर दुखते. शेवटी आठवडी बाजाराच्या दिवशी मी त्यांना घेऊनच गेले. रांग मोठी होती. बाबूजींनी अंगठा ठेवला, मशीननं घेतला नाही. दुपट्ट्याला पुसून परत ठेवला. नाही. दुसरं बोट. नाही. दुकानदार कंटाळून म्हणाला, 'काका, साबुन से धो के आओ.' बाबूजी चिडले. 'मशीनच खराब हाये तुही,' म्हणाले. मागून कोणीतरी म्हणालं की आमचे तर घेऊन राहिली. बाबूजी रांगेतून निघायला लागले.

दादा, तू कधी बाबूजींचा हात धरला आहेस? मी नाही. नमस्कार लांबून, आशीर्वाद लांबून, पैसे द्यायचे तर ओट्यावर ठेवून देतात. दुपट्टा नेहमी मुठीत. आपल्याला वाटायचं, कडक माणूस आहे.

मी त्यांचा हात धरला. त्यांनी हिसका दिला. मी सोडला नाही. तो हात ओला होता, दादा. नुसता दमट नव्हे, आपल्यासारखा, बोटांच्या पेरांतून पाणी. माझ्या पर्समध्ये असतं ते सगळं निघालं: सुती रुमाल, पावडर. रांगेसमोर मी त्यांचं बोट न् बोट पुसलं, पावडर लावली, झटकली, आणि माझ्या हातानं त्यांचा अंगठा दाबून धरला. मशीननं घेतला. दुकानदार म्हणाला, हो गया. बाबूजी खाली बघत होते.

घरी जाताना मी त्यांना बसस्टँडजवळच्या मुन्नालालच्या हॉटेलात बसवलं. चहा आला. मी विचारलं, 'कवापासून?'

'काय कवापासून?'

'बाबूजी, मी दिवसभर लोकायचे हातच पायतो.'

त्यांनी कपातला चहा बशीत ओतला. मग सांगू लागले, पण माझ्याकडे न बघता, बाजाराकडे बघत. शाळेत पाटी भिजायची म्हणून मास्तर तळव्यांवर छडी मारायचे आणि म्हणायचे, चोराचे हात असे असतात. आजोबांना सांगितलं तर त्यांनीही मारलं. तेव्हापासून कोणाच्या हातात हात द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. लग्नात भटजींनी हातावर हात ठेवायला लावला, तेव्हा आईला समजलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या उशाशी रोज एक धुतलेला दुपट्टा ठेवू लागली. इतकी वर्षं झाली, दोघं त्याविषयी एक शब्द बोललेले नाहीत.

आणि मग मी न विचारता ते म्हणाले, 'वारासिवनीले त्या मानसानं पोराचा हात धरला, अना मले वाटलं, आता माझाबी धरते. मी माझे हात मांगं केले. तोंडातून जे निंगलं ते निंगलं.'

मी हे त्यांच्या वतीनं माफी म्हणून पाठवत नाही. माफी मागायची असेल तर त्यांचं तोंड आहे. जे घडलं ते तुला माहीत असावं, एवढंच.

भूमेश्वरी


गोरेगाव, १६ मार्च २०२५

दादा,

तू पाठवलेलं पार्सल आईला मिळालं. आत साडी; पाठवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, चिठ्ठी नाही. आई ती पदर खोचून स्वयंपाकघरातही नेसते आहे. मी म्हटलं बाहेर जाताना नेस, तर म्हणाली, बाहेरच्यायनं कोणी पाठवली का?

ह्यावेळची बातमी माझी आहे. मला पाहायला आले होते. आमगावकडचे, मुलगा तिलक, बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. फोटोत नाकीडोळी नीटस. बरोबर त्याचे आईवडील आणि आत्या, अनुसयाबाई. घरात शब्द त्या आत्याचा चालतो हे ओट्यावर पाय ठेवल्याबरोबर समजत होतं.

पाहण्याची तारीख ठरली तशी आई माझ्यामागे लागली की मशीनवर नीट बसून घे, त्या दिवशी हात खणखणीत कोरडे पाहिजेत, आणि एक शब्द बोलू नको. लग्न झालं की झालं, मग सांग. मी विचार केला. खोटं कशाला बोलू, मोह झाला. आयुष्यात पहिल्यांदा मला लपवता येत होतं. चहाचा ट्रे कोरड्या हातांनी द्यायचा, पायांत घसरणारी चप्पल नाही, कोणाच्या भुवया वर नाहीत. वारासिवनीला तुला हे मिळालं असतं तर तू आज घरी असतास, असंही मनात आलं.

पण मग पुढे काय? सासरी मशीनवर चोरून जायचं? उशाखाली रुमाल ठेवायचे? बाबूजींनी तेच केलं आणि एक मुलगा गमावून बसले. मी मशीनवर गेलेच नाही. पाहुणे येईपर्यंत तळवे पहिल्यासारखे झाले. आईनं ते बघितलं आणि माझ्याशी बोलणं सोडलं. भांडी मात्र जोरजोरात वाजत होती.

मी पोहे दिले. प्लेटच्या कडेवर माझी बोटं उमटली. अनुसयाबाईंनी ती बघितली. त्यांनी माझं शिक्षण विचारलं, नोकरी करत राहणार का ते विचारलं, मी हो म्हटलं. आता सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाबूजी खुर्चीवरून उठले. मला वाटलं, आत निघून जातात. ते मधोमध येऊन उभे राहिले. मुठीतला दुपट्टा त्यांनी खुर्चीवर टाकला आणि दोन्ही तळहात पाहुण्यांपुढे धरले.

म्हणाले, 'एक गोष्ट सांगाची हाये. माझ्या पोरीच्या हातापायाले बारा महिने घाम सुटते. ते माझ्याकडून आलं. हे पाहा माझे हात. माझा पोरगा पुन्याकडे रायते, त्यालेबी हाये. त्याच्या येळेस लोकायनं इचारलं, तवा मी त्याले भित्रा म्हनलो. तो भित्रा नव्हता. मी होतो.'

आई दारात उभी होती, तिनं चौकट धरली.

तिलक उठला. माणूस चांगला आहे, हे मी आजही म्हणते. त्यानं बाबूजींचा पुढे आलेला हात हातात घेतला, नीट धरला, आणि नंतर कुठेही पुसला नाही. मी लक्ष ठेवून होते. अनुसयाबाईंनी मात्र मला सरळ विचारलं, 'पुढं लेकरायले झालं त?'

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, 'होऊ शकते. झालं त त्याले कोनी भित्रा म्हननार नाई. तेवढं मी पाहीन.'

त्यांनी चहा संपवला, नमस्कार केला, कळवतो म्हणाले आणि गेले. गाडीचा आवाज गेल्यावर बाबूजींनी राहिलेले पोहे आणायला सांगितले आणि सगळे खाल्ले.

भूमेश्वरी


गोरेगाव, १३ एप्रिल २०२५

दादा,

आमगावहून नकार आला. पत्रिका जुळत नाही म्हणतात. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती, पण ते असो. आईनं एक दिवस जेवण टाकलं. मला वाईट वाटलं का? वाटलं. तिलकनं तो हात ज्या तऱ्हेनं धरला, त्यावरून मी थोडी आशा केली होती. पण घरी जाऊन तो आत्यासमोर काही बोलला नसेल. न बोलणाऱ्या माणसाचं घर कसं चालतं ते आपण जन्मभर पाहिलं आहे. मला तसलं दुसरं घर नको. जो येईल तो माझे हात बघून येईल, आणि कोणी ना कोणी येईल. नाही आला तर गोंदियातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या शिरा माझी वाट बघत असतातच.

मी आता पुन्हा मशीनवर बसते. लपवायचं नाही म्हणून भिजत राहायचं, असं काही मी व्रत घेतलेलं नाही.

आता मुद्द्याचं. बाबूजी तुझ्याकडे निघाले आहेत. ठरवून, तिकीट काढून. ह्या शुक्रवारी महाराष्ट्र एक्स्प्रेसनं गोंदियाहून बसतील. पत्र त्यांच्या आधी पोचावं म्हणून स्पीडपोस्टानं पाठवते. त्यांनी मला सांगितलं होतं की त्याले सांगू नको. मी सांगते आहे, कारण अचानक दारात माणूस उभा राहिला की तोंडातून जे निंगते ते निंगते, ते ह्या घरात एकदा होऊन गेलं आहे.

नकार आला त्या दिवशीच त्यांनी ठरवलं. मला वाटलं होतं, ते म्हणतील की बोललो म्हणून सोयरीक गेली. उलट ते दिवसभर मोकळे मोकळे फिरत होते. शेजारच्या बांधावर जाऊन उगाच गप्पा मारून आले. संध्याकाळी आईला म्हणाले, 'परक्या लोकायले सांगून झालं. ज्याले सांगाचं होतं त्याले नाई सांगतलं.' आईनं तेव्हाच पिशवी काढली. तिखट, पापड, नव्या तांदळाची पोटली, सगळं बांधून ठेवलं आहे.

मी त्यांना विचारलं, दादानं दार उघडलं नाही तर? म्हणाले, 'पायरीवर बसीन.' तू त्यांना ओळखतोस. बसतील. मे महिन्यापर्यंत बसतील.

दार उघड असं मी तुला सांगत नाही. तो राग तुझा आहे आणि खरा आहे. फक्त त्यांना जिना चढताना दम लागतो, तेव्हा पिशवी तेवढी वर घे.

भूमेश्वरी


गोरेगाव, ११ मे २०२५

दादा,

तू फोन केलास तेव्हा आईनं अर्धा वेळ नुसतं 'जेवला का' विचारलं आणि उरलेला अर्धा वेळ मला फोन दिला नाही, त्यामुळे आपलं काहीच बोलणं झालं नाही. म्हणून आणखी एक पत्र.

चाकणला काय झालं ते तू आईला सांगितलंस ते इतकंच: बाबूजी आले, राहिले, गेले, आता मी दर रविवारी फोन करीन. बाबूजी घरी येऊन आम्हाला म्हणाले, 'पोरगा बरा हाये, भात चांगला शिजवते.' दोघंही एकाच मातीचे. मला वाटलं, पुढचं ह्या जन्मात समजणार नाही.

पण काल बाजाराच्या दिवशी मी लॅबमधून येताना मुन्नालालच्या हॉटेलासमोर उतरले, तर आत बाबूजी बसलेले. भोवती चार-पाच माणसं, आणि आपले बाबूजी त्यांना चाकणची कथा सांगत होते. मोठ्यानं. मी दाराशीच थांबले. तू तिथे होतास, तुला घडलेलं माहीत आहे, पण ते इथे कसं सांगितलं जातं आहे ते तुला माहीत नसेल, म्हणून लिहिते.

बाबूजी म्हणत होते: दार उघडलं, पण पोरगा बोलत नव्हता. जेवण वाढायचा, कामावर जायचा, यायचा, पाठ करून झोपायचा. मी म्हटलं, चल, तुझ्या हातायचा इलाज करू, बहिणीनं केला तसा. तर म्हणाला, माझे हात माझ्यापाशी राहू द्या. मग मी दोन दिवस विचार केला. मग त्याले म्हटलं, तुझं राहू दे. मले इलाज करायचा हाये. मी म्हातारा मानूस, एवढ्या मोठ्या शहरात मले दवाखाना सापडत नाई. तू मले घेऊन चाल.

मुन्नालालनं विचारलं, मग?

मग काय, म्हणाले. त्यानं सुटी काढली. मोटारसायकलवर बसवून पिंपरीले नेलं. रस्त्यानं मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, त्याचा शर्ट तिथं ओला झाला, पण तो काई बोलला नाई. दवाखान्यात नंबर लागला. त्यानं मले आत सोडलं आणि स्वतः दाराशी उभा राहिला, मी बाहेर थांबतो म्हणून. डॉक्टर तरणा होता. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मंग त्याच्याकडे पाहिलं, अना विचारलं, पेशंट कोण आहे?

हॉटेलातली माणसं थांबली होती. मुन्नालालचा चहा उतू जायला आला होता, त्याचंही लक्ष नव्हतं.

बाबूजी म्हणाले, 'मी म्हनलो, दोघंबी. दोन खुर्च्या द्या.'

भूमेश्वरी